एक जानेवारीची माणसं

१२ जानेवारी, रविवार

रविवारी सकाळी सकाळी ऑफिसातून फोन. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पेन्शनचा कागद अडला तेव्हा हेच लोक ओळख देत नव्हते. आज "सिस्टर, तब्येत कशी आहे?" तेव्हाच समजले, काहीतरी गळ्यात पडणार.

पडलंच. शहरातून संशोधक येताहेत. माणूस जास्त वर्षं कसा जगेल, याचा अभ्यास, रक्त तपासून. त्यासाठी काठी गावाच्या वरच्या अंगाचा आपला पाडा निवडलाय. तिथं मी छत्तीस वर्षं लसी टोचल्या, बाळंतपणं केली. लोक त्यांच्याशी बोलत नाहीत, त्यांना भिली येत नाही, म्हणून मी हवी. गाडी देतील, जेवण देतील.

विचारलं, तोच पाडा का?

"तिथं नव्वदीच्या पुढचे एकवीस जण आहेत, सिस्टर! आख्ख्या जिल्ह्यात असं गाव नाही."

फोन ठेवून भाकऱ्या करायला बसले. दोन करपल्या.

ह्यांना सांगितलं. हे जन्मभर एसटीत कंडक्टर, फुकट शब्दाचं ह्यांना वावडं. म्हणाले, "फुकटमा कोनी रगत लेस का वं? काही ना काही शे त्यामा."

एकवीस जण. त्याबद्दल आज नाही लिहीत.

१४ जानेवारी, संक्रांत

तळोद्यात विश्रामगृहावर भेट. मोठे डॉक्टर आलेत (पुढं मो.डॉ. लिहीन). केस काळेभोर, मनगटावर घड्याळ नाही, एक रबरी पट्टा. तो म्हणे झोप मोजतो. तिळगूळ दिला तर घेतला नाही. साखरेनं आयुष्य कमी होतं म्हणे. तिळगूळ नाकारणारा माणूस जन्मात पहिल्यांदा पाहिला. गोड मात्र भरपूर बोलला.

"ह्या लोकांच्या रक्तातलं गुपित सापडलं ना सिस्टर, तर माणूस एकशे वीस वर्षं जगेल."

कोणता माणूस, असं अगदी ओठावर आलं होतं.

बरोबर कावेरी नावाची मुलगी. पंचवीस-सव्वीसची, यादी तिच्याकडे. म्हणाली, "सिस्टर, गंमत बघा, एकवीसच्या एकवीस जणांचा वाढदिवस एक जानेवारी."

"हो, आमच्याकडं सगळे एक जानेवारीलाच जन्मतात," म्हटलं. ती हसली. मो.डॉ. म्हणाले, नोंद नसली की तारीख अशीच टाकतात, वर्ष बरोबर असलं की झालं.

वर्ष बरोबर असलं की.

लिहूनच टाकते. नाहीतर झोप लागायची नाही. ९८ साली पाड्यावर निराधारांच्या महिन्याच्या सरकारी पगाराचं शिबिर झालं होतं. वयाची अट पासष्ट. डॉक्टरसाहेब जीपमधून उतरलेच नाहीत. म्हणाले, "सिस्टर, वय तुम्हीच टाका, मला सगळे चेहरे सारखेच दिसतात." मी टेबल मांडून बसले. समोर रांग. दात पडलेले, गाल बसलेले, ऊसतोडीनं पाठ मोडलेली. बऱ्याच बाया नवरा गेलेल्या. खरं वय कुणालाच ठाऊक नाही. मी ठरवलं, कुणाला परत पाठवायचं नाही. सहासष्ट, सदुसष्ट, सत्तर. सगळ्यांना तारीख एकच, एक जानेवारी. डॉक्टरसाहेबांनी मांडीवर गठ्ठा ठेवून सह्या केल्या. पुढं आधार कार्डावर तीच वयं चढली.

तेव्हा पुण्य वाटलं होतं. आजही पाप म्हणवत नाही. पण त्यातले काही जण तेव्हा चाळिशीत होते, चार तर पस्तिशीतच.

१७ जानेवारी

पाड्यावर गेलो. शेवटचा टप्पा पायी. मो.डॉ. तीनदा थांबले, दरवेळी मनगटाकडं बघून. मीही थांबले, पण मी गुडघ्यामुळं.

जेमलीबाई (पुढं जे.) पाड्याची दाई. छत्तीस वर्षं आम्ही दोघींनी मिळून मुलं काढली. मी सरकारची, ती पाड्याची, भांडण रोजचं. नाळ मी ब्लेडनं कापू म्हणायची, ती बांबूच्या धारेनं. शेवटी ब्लेड जिंकलं, पण अंगाऱ्याची चिमूट तरीही ती टाकायचीच. मला बघून हाक मारली, "बाई, जाड झालीस गं." ती आणि मी मिळून तिच्या दारात बसलो, तेव्हा कुठं बाकीचे जवळ आले.

रक्त सात नळ्या. जे. म्हणाली, "सात? डास तरी एका बैठकीत एवढं पीत नाही." संमतीचा कागद अकरा पानी. मराठी असून मलाच कळेना. मी आपलं भिलीत सांगितलं, तुझं रक्त नेतील, त्यावरून जास्त जगायचं औषध शोधतील.

"मग ते औषध मला देणार?"

मो.डॉ.ना विचारलं. म्हणाले, औषध यायला वीस वर्षं तरी लागतील.

सांगितलं तसं. जे. हसली. "मग सांग त्याला, मी थांबते."

अंगठा दिला. मागंही एक गाडी आली होती, रक्त घेऊन गेली, ती पुन्हा फिरकली नाही, असं रांगेतला एकजण पुटपुटला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

उतरताना जे. पोचवायला आली. मोहाच्या झाडापाशी एकदम खाली बसली. ओठ काळेनिळे. "काही नाही, चढ वाढलाय," म्हणाली. चढ कसा वाढेल? माझ्या पिशवीत स्टेथोस्कोप असतोच, सवय. छातीला लावला. खरखर. करवतीसारखी, प्रत्येक ठोक्याला.

२५ जानेवारी

परत पाड्यावर. मो.डॉ.नी मोबाइलएवढं यंत्र काढलं, जे.च्या छातीवर फिरवलं, तर तिचं काळीज त्यांच्या फोनवर दिसायला लागलं. धुळ्याला सोनोग्राफीसाठी बायकांना जीपनं नेत होते मी, रस्त्यात दोघी बाळंत झाल्या. आता ते खिशात मावतं. खरं सांगायचं तर थक्क झाले. आणि लगेच संशय, एवढं हे इतकी वर्षं होतं कुठं?

काळजातली एक झडप आवळलीय. दगडासारखी झालीय म्हणाले. रक्त बाहेर पडायला वाट नाही.

त्यावर उपाय आहे. मांडीच्या नसेतून तार घालून नवी झडप बसवतात. छाती फाडायची नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस चालत घरी. सुरतेच्या एका हॉस्पिटलात त्यांच्या ओळखीनं गरिबांना मोफत करतात.

"मग करा की!"

"वय बघा, सिस्टर. त्र्याण्णव. ते ऐंशीच्या आतलेच घेतात. नव्या झडपा मोजक्या असतात."

नाही केलं तर?

"वर्षभर. जास्तीत जास्त दीड. चालता चालता." मग जरा थांबून, "तोवर दर तीन महिन्यांनी सॅम्पल घेऊ आपण."

असला राग आला मला. ती गेली तरी चालेल, नळी भरून ठेवा!

पण राग त्यांच्यावर किती आणि माझ्यावर किती, ते मलाच ठाऊक. जेमली त्र्याण्णवची नाही. तिचं वय मला तेव्हाही माहीत होतं. मी तिला तेवीस वर्षं वाढवून दिली. आता तीच तिला खाणार.

२६ जानेवारी

ट्रंक काढली. ८५ साली रुजू झाले तेव्हाची जोडप्यांची वही. प्रत्येक घरात जाऊन बाईचं वय, मुलं किती, गेली किती, सगळं लिहायचं असायचं. तेव्हा मी बावीसची, नवी, वेडी. घाई माहीत नव्हती. प्रत्येकीला बहात्तरच्या दुष्काळापासून मोजायला लावायची.

जेमली. वय ३०. मुले ३. पहिले पोटात असताना दुष्काळ.

माझंच अक्षर. म्हणजे आज सत्तर.

हे झेंडावंदनाला गेले होते, ते परत यायच्या आत वही ट्रंकेत ठेवली. का लपवली, कोण जाणे.

३ फेब्रुवारी

कावेरीचा फोन. आनंदानं नुसती किंचाळत होती. रक्तातून शरीराचं खरं वय काढतात म्हणे, कागदावर काही का असेना. जेमलीबाईचं आलं एकाहत्तर! म्हणजे कागदापेक्षा बावीस वर्षांनी तरुण. बाकीच्यांचंही तसंच. मो.डॉ. म्हणताहेत, जगात कुठं नाही असं सापडलंय.

फोनवर "हो का, वा" म्हणत राहिले.

पहिल्या दिवसापासून मी ह्या यंत्रांवर संशय घेत होते. रक्तावरून वय सांगणार? मग पोपटवाला काय वाईट! आणि बघा, ह्या सगळ्या भानगडीत यंत्र तेवढं खरं बोललं. एका वर्षाच्या फरकानं बरोबर. आणि त्यालाच हे शिकलेले लोक चमत्कार म्हणून नाचताहेत. कुणाच्या मनात येत नाही की कागद खोटा असेल. आधार कार्ड आहे ना.

५ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं शेवटी. जेवताना. उडदाची डाळ निवत गेली.

म्हणाले, "डॉक्टर गया ना मरी? सही त्यानी शे. त्यानं नाव सांगी दे."

सोपं आहे. मेलेला माणूस खुलासा मागायला येत नाही. पण जीपमधून उतरला नाही एवढाच त्याचा गुन्हा. पेन माझं होतं.

"आनि बठ्ठास्ना पगार बंद व्हई, ते?" हे म्हणाले. सगळ्यांचा पगार, तेच तर. आज बहुतेक जण खरंच पासष्टच्या पुढं गेलेत. पण एकीचं वय बदललं की शेजारची नोंद उघडणार, तीच तारीख, तेच शिबिर, तेच अक्षर. कागद जुळेपर्यंत सगळ्यांची निराधार बंद. ते चार जण तर अजूनही बसत नाहीत. आणि माझी चौकशी.

"तुले काय करनं शे? म्हातारी औषधवर ऱ्हाई." असं म्हणाले खरे, पण ताटावरून उठताना हात धुवायचं विसरले.

१२ फेब्रुवारी

आज जे केलं ते कुणाला सांगायच्या लायकीचं नाही.

कावेरी जे.च्या दारात प्रश्नावली भरत होती. जे.चा धाकटा दिलवर गुजरातेतून दोन दिवस आला होता, ऊसतोडीला असतो. वय विचारलं, पस्तीस. कावेरीचं पेन थांबलं. बोटांवर काहीतरी मोजलं. माझ्याकडं वळून, हळूच, "सिस्टर, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी बाळंतपण? हे तुम्हीच केलं होतं ना?"

मीच केलं होतं. नव्वद साल, पायाळू, दिवसभर अडली होती. दाईचंच बाळंतपण, तेव्हा मी एकटी. तिनंच मला कळांच्या मधे मधे सांगितलं, हात असा घाल, असा फिरव.

मी म्हटलं, "तो तिचा नाही. बहिणीचा. हिनं वाढवला."

तोंडातून गेलं. कावेरीनं लिहून घेतलं.

जे.ला मराठी येत नाही असं सगळे समजतात. बाजार करणाऱ्या बाईला मराठी येत नाही होय! कावेरी पुढच्या घरी गेली तशी म्हणाली, "माझं पोरगं तू दुसरीला दिलंस?" ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्या दिवशी मी मेले असते तर बरं. तेवढं तरी खरं लिहिलं असतंस." आत गेली नि कुडाचं दार ओढून घेतलं.

दिलवर उभाच होता. मला पाणी दिलं त्यानं.

१३ फेब्रुवारी

बीपी १७०. कुठं गेले नाही.

२४ फेब्रुवारी

एकटीच गेले, जीपनं. कुणाला कळवलं नाही. बरोबर थोडा गूळ, मिरच्या, ती वही.

जे. खाटेवर, उशाला गोधड्यांची चळत. आडवं झालं की दम लागतो आता. मी बोलले. सगळं सांगितलं. तुझी झडप, सुरत, ऐंशीची अट, त्र्याण्णव कुठून आले, पगार कुणाकुणाचा जाईल. माफी मागितली. रडले. ती बघत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरचं चाललंय.

मग पहिला प्रश्न, "मांडीतून काळजात शिरणार? वाट चुकली तर?"

मी म्हटलं, फोनवर बघत जातात.

"बघणारा त्या तुझ्या जीपमधल्या डॉक्टरसारखा असला तर?"

तिचा संशय माझ्यापेक्षा जुना आहे आणि त्याला कारणं जास्त.

वही दाखवली. वाचता येत नाही, पण आपल्या नावावर बोट ठेवून बसली. म्हणाली, "सगळ्यांनी माझं वय लिहिलं. एकदा तू विचारून लिहिलंस, एकदा न विचारता. विचारून लिहिलेलं राहू दे." आणि मग, "पण हे माझं एकटीचं नाही. होळीला सगळे येतील. बसून ठरवू. तूही ये."

ती होळीपर्यंत राहील ना, हा हिशोब मी गाडीत करत होते.

११ मार्च

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचे दिवस. गुजरातेतून ट्रकच्या ट्रक भरून माणसं परतलीत. पाडा नुसता माणसांनी फुललेला, नवे कपडे, ढोल ताणणं चाललेलं. मोठ्या आंब्याखाली सगळे बसले. इथली रीत अशी की ज्याच्या हातून चूक झाली त्यानं उभं राहून आधी बोलायचं, मधे कुणी तोंड घालायचं नाही. आयुष्यभर मी ह्या लोकांना उभं करून वजनं केली. आज मी उभी.

सांगून झालं.

मग एक म्हातारा, तोही माझ्या एकविसांतला, म्हणाला, "वाढवलं तेव्हा विचारलं नाहीस. कमी करताना का विचारतेस?"

खाली बसावंसं वाटलं. बसू देत नाहीत.

तेव्हा पस्तिशीत असलेल्या त्या चौघांपैकी एकीची सून तावातावानं बोलली, आमच्या घरात दुसरं काय येतं, पगार म्हातारी एकटीचा न् भूक सगळ्यांना? खोटं नाही बोलली. दोघं-तिघं म्हणाले, ही डॉक्टरवाली मंडळी रक्त घेऊन निघून जातील, ऑपरेशन-बिपरेशन काही करणार नाहीत, आपले कागद तेवढे फाटतील. हेही मला पटलं. मलाही तीच भीती.

दिलवर आईच्या पाठीला पाठ लावून बसला होता, तिला टेकायला.

शेवटी जे. दम घेत घेत म्हणाली, "इथं बसलेल्यांतले अर्धे माझ्या हातावर आलेत. कोण कधी आलं, मला आठवतं. पाऊस होता का, मका होता का, सगळं. कागद फाटले तर मी सांगीन. पण त्यासाठी मी असायला पाहिजे."

त्यावर पोरंसुद्धा हसली.

पंचांनी आपसात बोलून निकाल दिला. लिहा खरं. अट एक. आमच्या अंगठ्यांवर ढकलायचं नाही, मेलेल्या डॉक्टरवर ढकलायचं नाही. कागदावर पहिलं नाव सिस्टरबाईचं, तिच्या हातानं. आणि पगार सुरू होईपर्यंत ऑफिसच्या चकरा तिनं मारायच्या.

कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

१७ मार्च

अर्ज लिहिला. तीन ओळींचा होईल वाटलं, दोन पानं झाली. एक प्रत ऑफिसात दिली, पोच घेतली. साहेब वाचता वाचता खुर्चीत ताठ होत गेले. परवा तब्येत विचारत होते, आज "बसा"सुद्धा म्हणाले नाहीत.

दुसरी प्रत घेऊन मो.डॉ.कडे. विश्रामगृहात. कावेरीही होती. वही उघडून ठेवली. त्यांनी दोनदा वाचलं.

"सिस्टर, तीस तुम्हीच लिहिलं, सहासष्टही तुम्हीच लिहिलं. मी कोणत्या सिस्टरवर विश्वास ठेवू?"

खरंच होतं. मग सुचलं. म्हटलं, "माझ्यावर नका ठेवू. तुमच्या यंत्रावर ठेवा. ते एकाहत्तर म्हणतंय ना?"

त्यांनी मनगटावरचा पट्टा काढला, पुन्हा घातला.

"दोन वर्षांचं काम आहे हे," एवढंच म्हणाले. चिडले असते तर भांडले असते मी. ते एकदम म्हातारे दिसले. केस रंगवलेले असूनही.

हॉस्पिटलला कळवतो म्हणाले नाहीत. नाही कळवत, असंही म्हणाले नाहीत. बाहेर पडताना कावेरीला म्हटलं, दिलवरबद्दल मी खोटं सांगितलं होतं. ती म्हणाली, "माहीत आहे, सिस्टर. जेमलीबाईंचा चेहरा बघितला होता मी. त्याच दिवशी खोडलं." चांगली आहे पोरगी. तिलाही मी नळ्या भरणारीच समजत होते.

२१ मार्च

ऑफिसचं पत्र. सात दिवसांत खुलासा. पाड्यावरच्या एकवीस नोंदी "तपासणीसाठी स्थगित". ज्याची भीती होती ते झालं. सुरतेकडून काही नाही.

दुपारी बघते तर हे माझ्या पत्राला फाइल लावून, पानांना नंबर घालून बसलेले. म्हणाले, "तिकीट फाडं ते हिशोब देनाच पडस."

२३ मार्च

सकाळी कावेरीचा फोन. सुरतेनं बोलावलं, उद्याच. वहीचे फोटो तिनं पाठवले होते. मो.डॉ.नी काय केलं, विचारलं. म्हणाली, "सरांनी एक ओळ लिहून दिली. काय लिहिलं ते वाचू दिलं नाही."

ओळ कसली असेल? बाजूनं की विरुद्ध? ती ओळ बंद पाकिटातून उद्या आमच्याबरोबर जाणार.

२४ मार्च, सुरत

नंदुरबारहून सकाळची गाडी. जे., दिलवर, मी. जे. पहिल्यांदाच रेल्वेत. खिडकीशी बसून म्हणाली, एवढी सपाट जमीन, ह्या लोकांना दम कधी लागतच नसेल.

हॉस्पिटलात काउंटरवर पोरगा गुजराती, हिंदीत विचारतो, "जनमतारीख?" आधार कार्ड बघितलं. माझा अर्ज बघितला. पुन्हा कार्ड. "माजी, इसमें तो तिरानवे है." मी अर्जावर बोट ठेवलं, ज्या ओळीत माझं नाव आहे तिथंच.

वर्ष लिहून घेतलं, पंचावन्न. महिना, तारीख?

जे.ला विचारलं. ह्या वेळी विचारलं. म्हणाली, आई मोहाची फुलं वेचायला गेली होती, टोपलीपाशीच झाले मी. म्हणजे हेच दिवस. मार्च. मी म्हटलं, लिहा, मार्च, तारीख माहीत नाही. कंप्युटर घेईना. तारीख पाहिजेच. मी हुज्जत घालत होते, तोवर मागं रांग वाढली. शेवटी पोरानं वैतागून स्वतःच टाकलं.

१ जानेवारी १९५५.

हसावं का रडावं! वर्ष तरी बरोबर आहे.

पाकीट आत गेलं. मोठ्या डॉक्टरीणबाई आधी स्वतः तपासणार, मग घ्यायचं की नाही ते ठरवणार. घेतलं तरी अर्धी भीती राहतेच, हे त्यांनीच स्पष्ट सांगितलं. ते मला आवडलं. गोड बोलल्या नाहीत.

बाकावर बसलो होतो. जे.नं विचारलं, "नवी झडप घातली तर आणखी किती वर्षं, बाई?"

मी तोंड उघडलं, तर माझ्या हातावर हात ठेवला तिनं. "तू नको सांगू. तुझे अंदाज महाग पडतात."

तेवढ्यात नाव पुकारलं. चाकांची खुर्ची आणली तर तिला नको, चालतच गेली, दिलवरचा खांदा धरून. दारापाशी थांबली, दम घेतला, मागं न बघता आत गेली.

आता पाऊण तास होईल. माझा फोन दोनदा वाजला, ऑफिसचा नंबर. उचलला नाही. वही मांडीवर आहे. दार अजून उघडलेलं नाही.